ट्रॅक्टरचे ऑईल आणि घरच्या घामाचा हिशोब



मूर्तिजापूरच्या मागच्या बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा आटोपली, चहा फिरायला लागला आणि मागच्या रांगेतला एक पोरगा उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, एक साधी गोष्ट इचारतो. ट्रॅक्टरचं ऑईल डीलरकडं बदलाव का घरी? डीलरकडं नेलं त दिवस जाते, आन् घरी केलं त भेव वाटते."

सभेत हशा पिकला. हमीभाव, आयात, कर्ज असे मोठमोठे विषय चाललेले, आणि हा ऑईलचे विचारतो! मला मात्र हसू आले नाही. शेतीचा तोटा दिल्लीत ठरतो हे खरे आहे. पण त्या तोट्याची शेवटची भर आपल्या अंगणात पडते, आणि तीही आपल्याला न समजता. म्हणून त्या पोराला उभ्या उभ्या दिलेले उत्तर इथे सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वॉरंटीचा काळ सरला की इंजिनाचे ऑईल आपल्या अंगणात, आपल्या हाताने किंवा आपल्या डोळ्यांसमोर बदलावे. वॉरंटी चालू असेल तर ट्रॅक्टर डीलरकडे न्यावा, पण डोळे उघडे ठेवून. आणि घरी ऑईल बदलून "फुकटात काम झाले" असे जो म्हणेल, त्याच्याशी माझे भांडण आहे.

घरचे काम फुकट नसते

भांडण कशासाठी ते पहिले सांगतो. आपण सरकारशी इतकी वर्षे कशावरून भांडतो? उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसाचा घाम धरत नाहीत, धरला तर पुरा धरत नाहीत, यावरून. कृषिमूल्य आयोगाच्या भाषेत बियाणे, खते, औषधे, मजुरी असा हातचा रोख खर्च म्हणजे 'ए-२'. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की 'ए-२ अधिक एफएल'. त्यात स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याज मिळवले की 'सी-२'. २०१८-१९ च्या खरिपापासून सरकार दीडपट म्हणते ते 'ए-२ अधिक एफएल'च्या दीडपट, 'सी-२'च्या नव्हे. म्हणजे जमिनीचे भाडे आणि व्याज आजही त्या दीडपटीच्या बाहेरच आहे.

सरकारने आपला घाम शून्य धरला तर आपण रस्त्यावर उतरतो. मग अंगणात बसून आपणच आपला घाम शून्य धरायचा, हे कोणत्या तोंडाने? तेव्हा ऑईलचा हिशोब मांडू तो स्वतःची मजुरी धरून मांडू.

पुढचे दर मी गणितापुरते धरले आहेत. तुम्ही आपल्या दुकानातले, आपल्या पंपावरचे दर घालून पुन्हा मांडा. इंजिनात ८ लिटर ऑईल बसते असे धरा. (तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, तोच खरा.) लिटरला ३०० रुपये म्हणजे २,४०० झाले. फिल्टर ३०० रुपयांचा. एकूण माल २,७०० रुपयांचा. हा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे.

आता डीलरची बाजू. मजुरी ६०० रुपये. गाव २५ किलोमीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन ५०. डिझेल सहा लिटर, ९० रुपयांनी ५४० रुपये. चालवणाऱ्याची दिवसाची मजुरी ५००. वरखर्च झाला १,६४० आणि एकूण ४,३४० रुपये.

घरची बाजू. दोन तास काम. मिस्त्रीकाम आहे, म्हणून तासाला १०० धरू, २०० झाले. पाना, फिल्टर खोलायचा पट्टा, घमेले, नरसाळे, कॅन असा १,५०० रुपयांचा सरंजाम एकदा घेतला तर पंधरा वेळा कामाला येतो, म्हणजे एका वेळेचे १००. वरखर्च झाला ३०० आणि एकूण ३,००० रुपये. गावातल्या मिस्त्रीला घरी बोलावले तरी आकडा याच्याच आसपास राहील.

फरक पडला १,३४० रुपयांचा. वर्षातून दोनदा ऑईल बदलले तर २,६८०. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. त्या भावाने हा झाला ३३ किलो कापूस. हातात आलेला पैसा कोणी सोडू नये. पण ३३ किलो कापसाने कोणाचे कर्ज फिटल्याचे मी पाहिले नाही. म्हणून एवढ्या बचतीसाठीच मी तुम्हाला हात काळे करायला सांगतो आहे, असे समजू नका. खरी गोष्ट पुढे आहे.

पंचवीस किलोमीटर आणि दीडशे तास

पुष्कळशा ट्रॅक्टरांच्या पुस्तकात इंजिन ऑईल २५० तासांनी बदला असे लिहिलेले असते. काही कंपन्या नव्या मॉडेलांना, खास ऑईल घालून, ४०० ते ५०० तासही सांगतात. पुस्तकात असेल ते पाळावे. पण हे तास भरतात केव्हा?

आपली शेती कोरडवाहू. ओलिताच्या मुलखासारखा ट्रॅक्टर बारा महिने चालत नाही. मे महिन्यात मशागत, मृगाआधी रोटावेटर, पेरणी, मग मधली उसंत. दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची मळणी, त्यामागे ज्वारी आणि तूर. म्हणजे तास भरतात ते नेमके घाईच्या पंधरवड्यात. मीटर २५० वर येतो तेव्हा वर आभाळ भरलेले असते आणि शेजाऱ्याची गंजी झाकणाविना पडलेली असते. त्या दिवशी ट्रॅक्टर डीलरकडे न्यायचा, नंबर लावायचा आणि संध्याकाळी परत आणायचा, हे कोण करतो? कोणीच करत नाही. "एवढं काम निपटू दे, मग नेऊ," असे म्हणत २५० चे ३०० होतात, ३०० चे ४०० होतात. हे दीडशे तास इंजिन चालते ते थकलेल्या ऑईलवर.

डीलरच्या मजुरीपेक्षा हा उशीर कितीतरी महाग पडतो. रिंगा, लायनर, बेअरिंगा झिजल्या आणि इंजिन उघडायची वेळ आली तर आपली ती ३३ किलोची बचत किती वर्षे साठवावी लागेल, याचा हिशोब ज्याने इंजिनकाम केले आहे त्याने शेजाऱ्याला सांगावा.

घरी बदलणाऱ्याला ही अडचण नाही. दिवसाचे काम संपवून ट्रॅक्टर अंगणात आला, इंजिन अजून गरम आहे, घमेले खाली सरकवले, जेवण होईपर्यंत ऑईल निथळले, झोपायच्या आधी नवे भरले. सकाळी ट्रॅक्टर वावरात. माझ्या मते घरच्या कामाचा पहिला फायदा हाच: काम वेळेवर होते.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीचा तासांचा मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन कमी फेऱ्यांवर तासभर चालले तरी मीटर पुरा तास दाखवत नाही. उभ्याने, हळू चाललेले काम त्यात कमी भरते. तेव्हा २५० ला 'अजून दहा-वीस तास चालेल' असे म्हणू नका. आणि ट्रॅक्टर वर्षभरात तेवढा चाललाच नाही, तरी पुस्तकात महिन्यांची मुदत असते, ती संपली की ऑईल बदलावे. उभ्या इंजिनातले ऑईलही जुने होते.

मळणीची धूळ

मी शिकलो कृषिविद्या. माती, ओल, नत्र, स्फुरद यांत माझे शिक्षण झाले. पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा ट्रॅक्टरच्या चेंबरचा नट कोणत्या बाजूला असतो हे मला ठाऊक नव्हते, हे कबूल करतो. पण मातीचे शिक्षण इथेही कामाला आले.

मळणीयंत्र चालते तेव्हा ट्रॅक्टर त्याला जोडून तासन्‌तास एका जागी, भुसा आणि धुळीच्या ढगात उभा असतो. आपल्या काळ्या मातीची कोरडी धूळ पिठासारखी बारीक. तिच्यातले वाळूचे कण इंजिनात गेले की सिलिंडरच्या आत पॉलिश पेपर फिरवल्यासारखे होते. तिला अडवतो एअर क्लीनर. ज्या ट्रॅक्टरला ऑईलचा एअर क्लीनर आहे, त्याच्या खालच्या वाटीत धुळीचा चिखल साचतो. मळणीच्या दिवसांत ती वाटी रोज खोलून, धुऊन, खुणेपर्यंत ऑईल भरून परत लावावी. कोरडा फिल्टर असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे झटकावा, फाटला असेल तर बदलावा. या कामाला दहा मिनिटे लागतात. आणि यासाठी डीलरकडे कोणी जात नाही, जाऊ शकत नाही. जो मनुष्य इंजिन ऑईलला हात लावायला भितो, तो वाटीही उघडत नाही. मग महागातले ऑईल घालूनही इंजिन खाल्ले जाते.

ऑईल काळे झाले म्हणजे खराब झाले, हा दुसरा गैरसमज. डिझेल इंजिनात नवे ऑईल थोड्याच तासांत काळे होते. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पाहायचे ते वेगळे. गेजच्या पट्टीवर ऑईल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. न भरता पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल उतरते आहे. निथळलेल्या ऑईलमध्ये चकाकी दिसली तर आत धातू झिजतो आहे. पातळी भराभर उतरली तर ऑईल जळते आहे किंवा गळते आहे. मातीपरीक्षणाला प्रयोगशाळा लागते. हे परीक्षण तळहातावर होते. पण ज्याच्या हातावर ते ऑईल पडते त्यालाच ते कळते. डीलरकडे सोडून आलेल्याला बिल तेवढे कळते.

बैलाचे आपण काय करत होतो? पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकतो तो घरी, आपल्या हाताने. बैल विकणाऱ्याच्या दारात नेऊन कोणी खांद शेकून आणत नाही. गाडीच्या आखाला ओंगण घालायला कोणी सुताराला बोलावले नाही. बैलाने चारा कमी खाल्ला की घरच्या बाईला आधी कळत होते. बैलांच्या जागी यंत्र आले, कर्ज त्याच्यापाठोपाठ आले, पण ती पाहण्याची सवय मात्र गोठ्यातच राहिली.

दोन चुका, एक त्यांची आणि एक माझी

मी डीलरवाल्यांचा वैरी नाही. चांगले काम करणारे मिस्त्री त्यांच्याकडे आहेत. पण एक अनुभव सांगतो. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. आमचा ट्रॅक्टर एका ठिकाणी सर्व्हिसला दिला होता. बिलात ऑईल होते, फिल्टर होता, मजुरी होती. पैसे दिले. घरी येऊन पुसायला घेतला तर फिल्टरवर मागच्या वर्षी आमच्या हातून पडलेला पोचा जसाच्या तसा. फिल्टर बदललाच नव्हता. परत जाऊन विचारले तर "पोराकडून राहून गेलं असेल," म्हणाले आणि बदलून दिला. राहून गेले असेलही. पण बिल करायचे मात्र राहून गेले नव्हते. तो पोचा नसता तर मला कधीच कळले नसते. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक फिल्टरवर खिळ्याने तारीख कोरतात.

आता माझी चूक. रागाच्या भरात ठरवले की आता घरीच. पहिल्याच वेळी जुना फिल्टर काढला, पण त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली, ती मी पाहिली नाही. तिच्यावरच नवा फिल्टर कसला. इंजिन सुरू केले आणि दोन रिंगांच्या फटीतून नव्या ऑईलची पिचकारी उडाली. भाऊ ओरडला, "बंद कर, बंद कर!" तोवर बरेचसे ऑईल मातीत गेले होते. शेजारच्या काकांनी विचारले, "हे कॉलेजात शिकोलं का?" त्या दिवशी डीलरची मजुरी स्वस्त पडली असती.

मग दोन चुकांत फरक काय? माझी चूक दहा सेकंदांत दिसली आणि पुन्हा झाली नाही. त्यांची चूक दिसण्यासाठी पोचा असावा लागला. माझ्या मताचा पाया एवढाच आहे. चूक दोन्हीकडे होते. पण ती आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्यावी.

कसे बदलावे

ट्रॅक्टर सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, किल्ली काढलेली. इंजिन कोमट असावे, चटका बसेल इतके गरम नसावे. चेंबरखाली घमेले ठेवून नट खोलावा, पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यावे. नटाचा वायसर दबला असेल तर नवा घालावा. जोर लावून आट्या मारू नयेत. फिल्टर काढला की जुनी रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का ते बोट फिरवून पाहावे (हे मी तुम्हाला पैसे मोजून शिकलेले सांगतो). नव्या रिंगेला ऑईलचे बोट लावावे, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवावा, मग त्याच्यावर लिहिले असेल तेवढाच कसावा. ज्या जुन्या ट्रॅक्टरांत वाटीच्या आत नुसता कागदी फिल्टर असतो, त्यांत वाटी धुऊन तिची रिंगही बदलावी. ऑईल गेजच्या वरच्या खुणेपर्यंत भरावे. जास्त भरणेही वाईट. रेस न देता इंजिन चालू करावे, ऑईलचा दिवा काही सेकंदांत विझतो का पाहावे. विझला नाही तर लगेच बंद. मग थांबून पुन्हा गेज पाहावा आणि तारीख, तास व ऑईलचे नाव वहीत लिहावे.

ऑईल पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे. डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असे घट्टपणाचे आणि 'सीएफ-४', 'सीआय-४' असे दर्जाचे आकडे छापलेले असतात. नुसत्या रंगावर किंवा दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. सुटे ऑईल घेऊ नये. सील पाहावे, पक्के बिल घ्यावे. रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा, नाहीतर तोच डबा नकली ऑईल पोटात घेऊन परत आपल्याकडे येतो.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांनी हे पान उलटू नये. मोटारसायकलच्या इंजिनाखालीही असाच एक नट आहे.

घरी हात लावू नये असे काही

डिझेल पंप, नोझल, हायड्रॉलिक यांना घरी हात लावू नये. तिथे धुळीचा एक कण शिरला तरी काम बिघडते, आणि त्यासाठी लागणारी यंत्रे आपल्याकडे नसतात. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे 'ट्रेम-४' हे कडक नियम लागू झाले. त्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक जुळणी आली. त्यांचे ऑईलही वेगळ्या दर्जाचे असू शकते, ते पुस्तकाबाहेर जाऊन घालू नये. गिअर आणि मागच्या भागाचे ऑईल बरेच जास्त लागते, मुदतही लांब असते. ऑईल ब्रेक असतील तर तिथे ठरावीक ऑईलच चालते. ते जाणत्या माणसासमोरच बदलावे.

वॉरंटीचे आता. कंपनीप्रमाणे ती दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत असते आणि सर्व्हिस अधिकृत ठिकाणी व्हावी अशी अट बहुधा तिच्यात असते. ती अट मोडून कंपनीला आयते निमित्त देऊ नका. जा, पण चार गोष्टी मागून घ्या: जॉब कार्ड, पक्के बिल, सर्व्हिस बुकात तासांसह शिक्का, आणि काढलेला जुना फिल्टर. तुमच्या पैशाचा फिल्टर तुमचा आहे. मोफत सर्व्हिस म्हणजे बहुधा मजुरी मोफत. ऑईल-फिल्टरचे पैसे लागतात, हे आधी विचारून घ्या. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेले यंत्र 'व्यापारी कारणासाठी' धरले जात नाही, असा खुलासा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच आहे.

हा झगडा एकट्या वऱ्हाडाचा नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत म्हणून. ते प्रकरण मोटारींचे होते, पण तत्त्व आपल्याही कामाचे आहे. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि तिच्या यादीत शेतीची यंत्रे घातली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला आपले यंत्र आपण दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर दुरुस्तीच्या मक्तेदारीवरून खटला भरला. हजारो एकरांच्या त्या शेतकऱ्याचे यंत्र संगणकाने कुलूपबंद केले आहे. आपल्या बहुतेकांच्या ट्रॅक्टरला ते कुलूप अजून लागलेले नाही. आपल्या चेंबरचा नट साध्या पान्याने खुलतो. जो हक्क आज हातात आहे तो वापरला नाही, तर उद्या कुलूप लागेल तेव्हा आपण भांडणार तरी कशाच्या बळावर?

काळ्या ऑईलचे काय?

इथे मात्र डीलरची बाजू जड आहे. त्याच्याकडे जुने ऑईल साठवायची सोय असते, निदान असायला हवी. आपण काय करतो? धुऱ्यावर ओततो, उधई लागू नये म्हणून लाकडाला फासतो, कोणी तर जनावराच्या खरजेला लावतो. हे बंद करा. वापरलेल्या ऑईलमध्ये विषारी माल असतो. ते सतत कातडीला लागणे माणसालाही घातक आणि जनावरालाही. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर गोडे पाणी तसेच दुर्मीळ, त्यात शेततळ्याच्या काठी हे ओतणे म्हणजे स्वतःच्या घागरीत ओतणे. कॅनमध्ये भरून ठेवा. १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेल तयार करणाऱ्यांवर वापरलेले तेल गोळा करून पुन्हा शुद्ध करवण्याची जबाबदारी केंद्राच्या नियमांनी टाकली आहे. मग ते पिंप तालुक्याला का दिसत नाही, हे विचारणे आपले काम आहे.

आणि एक विचारायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. चांगले झाले. पण तोच ट्रॅक्टर चालता ठेवणाऱ्या ऑईलवर १८ टक्के आहेत. व्यापाऱ्याला भरलेला कर वळता करून मिळतो, आपल्याला मिळत नाही. तो आपल्या उत्पादनखर्चात मुरतो.

जिल्हा बैठकीपुढे

बोलून थांबू नये म्हणून चार गोष्टी मांडतो. एक, प्रत्येक गावशाखेने ऑईल बदलण्याच्या हत्यारांचा एक संच घ्यावा आणि गावातल्या दोन पोरापोरींना त्यात तयार करावे. त्यांना कामाची मजुरी द्यावी, उपकार म्हणून करवून घेऊ नये. दोन, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, घातखेड आणि दुर्गापूरची कृषी विज्ञान केंद्रे, अकोला जिल्ह्यातले सिसा-उदेगावचे केंद्र यांच्याकडे मे महिन्याच्या आत ट्रॅक्टर-निगेचे दोन दिवसांचे हातकाम शिकवण्याची मागणी करावी. भाषण नको, पाना हातात द्या म्हणावे. तीन, बाजार समितीच्या आवारात वापरलेल्या ऑईलचे पिंप ठेवावे. चार, प्रत्येक घरात यंत्राची एक वही असावी, आणि तिच्यात घरच्या मजुरीचा रकाना पहिला असावा.

बैठक सुटल्यावर तो मूर्तिजापूरचा पोरगा दारात थांबला होता. म्हणाला, "मंग भाऊ, भेव जाते कसं?" मी म्हटले, पहिल्यांदा बदलशील तेव्हा जाणत्याला शेजारी बसव, दुसऱ्यांदा तूच दुसऱ्याच्या शेजारी बस. पंधरा दिवसांनी त्याचा निरोप आला. ऑईल घरी बदलले, दोन तास लागले, गळती नाही. आणि वहीत लिहिले आहे: माझी मजुरी, २०० रुपये.